भागूबाईंचा रुसवा आणि रावेतची कॉफी

रुसावं तर भागूबाईंनी. ऐऱ्यागैऱ्याचं ते काम नाही. बाकीच्या बायका रुसल्या की भांडी आपटतात, अबोला धरतात, फारच झालं तर माहेरची पिशवी भरतात. भागूबाईंचं तसं नव्हतं. त्या बोलायच्या, हसायच्या, ताटात वाढायच्या, सगळं यथासांग. फक्त आतून कडी लावून घ्यायच्या. समोरच्याला आठ-आठ दिवस पत्ताच नसायचा की आपल्यावर कुणी रुसून बसलंय.

पत्ता लागायचा तो एकाच माणसाला, त्यांच्या मालकांना. लक्ष्मणराव म्हणे भाकरीवरून ओळखायचे. बायको रुसली की भाकरी थापताना तिचा हात फिरायचा नाही, भाकरी जाड राहायची. मग ते पाट ओढून चुलीपाशी बसायचे आणि विचारायचे, "आज कुणाचा नंबर लागलाय?" भागूबाई म्हणायच्या, "कुणाचा न्हाई." की लक्ष्मणराव भावकीतली नावं एकेक करून घ्यायला लागायचे, आणि खरं नाव आलं की भागूबाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं. रुसवा काढल्याशिवाय हा माणूस पाटावरून उठत नसे. अख्ख्या संसारात भागूबाईंना स्वतःचा रुसवा स्वतः काढायची वेळ कधी आली नव्हती.

आता लक्ष्मणरावांना जाऊन दोन वर्षं होत आली होती. आणि त्यांच्या माघारी भागूबाईंनी जो रुसवा धरला होता, तो काढायला कुणी उरलंच नव्हतं. रुसवा होता सुनेवर, हर्षालीवर. अख्ख्या जगात ज्या एका पोरीवाचून त्यांना करमत नसे, नेमकी तिच्यावर.

भागूबाईंची वाडी चाकणच्या अलीकडं, कंपन्यांच्या कुंपणाला खेटून. शेत एमआयडीसीत गेलं, उरल्या तुकड्यावर लक्ष्मणरावांनी खोल्या काढल्या. त्या खोल्यांतून लातूरकडची, नांदेडकडची, पार बिहारकडची पोरं शिफ्टनं राहतात. सगळ्यांची मावशी एकच. कुणाला ताप आला तर मावशी पेज करून देणार, कुणी नळ चालू ठेवून गेला तर मावशी त्याच्या सात पिढ्या काढणार. एकुलता एक मुलगा आदिनाथ एका स्वीडनच्या कंपनीत इंजिनिअर. त्याला लांब पडतं म्हणून नवराबायको रावेतला फ्लॅटमध्ये राहतात. रावेत काही सातासमुद्रापार नाही. पण भागूबाई कधी एकट्या गेल्या नव्हत्या. गावात मालकांच्या मागं स्कूटरवर आणि बाहेर आदिनाथच्या गाडीत, एवढाच त्यांचा प्रवास.

हर्षाली आळंदीची. तिच्या वडिलांचं पेढ्या-बत्ताशांचं दुकान, त्यामुळं हाताला गोडाची सवय. लग्नानंतर कंपनीनं आदिनाथला दीडेक वर्ष स्वीडनला पाठवलं, तशी ही पण गेली. नवरा दिवसभर कामावर, हिला ना ओळख ना पाळख. तिथून ती रोज व्हिडिओ कॉल करायची. एकदा म्हणाली, "आत्या, इथं दुपारी सगळे काम थांबवतात. बेकरीत जाऊन कॉफी पितात, सोबत काहीतरी गोड. बाया एकट्यासुद्धा बसतात, कितीही वेळ. कुणी बघत नाही."

"आगं, त्यांच्या घरी कुणी न्हाई का?" भागूबाईंनी विचारलं.

"आहेत की. पण तेवढा वेळ त्यांचा स्वतःचा. मीपण आज एकटी बसले."

भागूबाईंना हसू आलं, आणि पोरीची थोडी दयाही आली. पण हर्षालीला ते इतकं आवडलं, की त्याच बेकरीत ती हाताखाली काम करायला लागली. भट्टीपुढून फोन लावून पीठ दाखवायची. तिकडं बनमध्ये वेलदोडा घालतात हे कळल्यावर भागूबाईंना माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. त्या इथून ओरडून सांगायच्या, "सालं फेकू नको, सालासकट कुट." सासू-सुनेचं हे असं गूळपीठ. वाडीतल्या बायका जळायच्या.

परत आल्यावर हर्षालीनं रावेतला स्वतःची बेकरी काढायचं ठरवलं. गेल्या अक्षयतृतीयेचा मुहूर्त धरला. आणि इथंच माशी शिंकली.

वाडीचा रिवाज असा. लग्न असो, वास्तुशांत असो, नाहीतर बोअरला पाणी लागलेलं असो, बोलावणं हे दारात येऊन करायचं. आधी गावदेवाला, मग घरच्या थोरल्या बाईला, मग गावाला. थोरल्या बाईपुढं करंडा उघडून कुंकू लावायचं, तांदूळ हातावर ठेवायचे, तोंडानं बोलवायचं. घरातली असली म्हणून काय झालं, मान तो मान. त्याशिवाय सख्खा भाऊसुद्धा भावाच्या दारात पाय ठेवत नाही. आणि भागूबाईंना बोलावणं आलं कसं, तर मोबाइलवर. रंगीत कार्ड, वर गणपती, खाली दुकानाचा पत्ता. चष्मा सापडेना म्हणून खोलीतल्या लातूरच्या पोरानं वाचून दाखवलं, आणि विचारलं, "मावशी, तुम्हालापण फॉरवर्ड आलं का?"

झालं. कडी बसली.

उद्घाटनाच्या दिवशी आदिनाथ गाडी घेऊन न्यायला आला, तर भागूबाई डोकं बांधून पडून राहिल्या. म्हणाल्या, माझं कपाळ लई ठणकतंय, तुमी उरकून घ्या. तिकडं हर्षालीनं मुहूर्त टळेस्तोवर फीत कापली नाही. सासू येणार, हातात कात्री तीच घेणार, असं धरून बसली होती. शेवटी आदिनाथ एकटा आला, तशी तिनं मुकाट्यानं फीत कापली. तिची समजूत झाली की आत्यांना सुनेनं दुकान टाकलेलं पसंत नाही. इकडं भागूबाईंची समजूत झाली की मालक गेले आणि आपला मानही गेला. सणावाराला दोघी भेटायच्या, गोड बोलायच्या. पण व्हिडिओ कॉल बंद झाले. आदिनाथ बिचारा दोघींच्या मध्ये अडकित्त्यातल्या सुपारीसारखा. सासू म्हणे माझं काही न्हाई, सून म्हणे माझं काही नाही. मग करायचं काय त्यानं?

दिवाळी झाली. आदिनाथ महिन्याभरासाठी पुन्हा स्वीडनला गेला. एका सकाळी भागूबाई भाकरी थापत होत्या, आणि त्यांना तव्यावरची भाकरी दिसली. जाडच्या जाड, कडा चिरलेली. कितीतरी महिने त्या असल्याच भाकरी खात होत्या, आणि कुणी पाट ओढून बसलं नव्हतं. त्या तव्यापुढं बसून रडल्या. मालकांसाठी रडल्या, आणि खरं सांगायचं तर सुनेसाठी त्याहून जास्त रडल्या. आपण अशाच एक दिवस मरून जाऊ आणि ही पोर आयुष्यभर समजेल की सासूला मी नको होते, हा विचार त्यांना सोसवेना. रुसवा काढणारं माणूस गेलं, म्हणजे आता आपला आपणच काढायला पाहिजे. दुसरं कोण येणार?

बरं, बोलावण्यावाचून सुनेच्या दुकानात जायचं कसं? त्यावरही त्यांनी तोड काढली. गिऱ्हाईक म्हणून जायचं. गिऱ्हाइकाला कुठं कोण कुंकू लावतं?

काठाचं लुगडं नेसून, कुणाला काही न सांगता त्या चाकणच्या स्टँडवर आल्या. शेजारच्या शालनबाईंनी हटकलंच, "एकटीच कुठं गं?" तर म्हणाल्या, "डोळं तपासायला." चाकणहून भोसरी, भोसरीहून निगडी. भोसरीला गर्दीत त्या भलत्याच बसमध्ये चढल्या आणि कंडक्टरबाईनं वेळेवर खाली उतरवलं, तेव्हा पिशवी घट्ट धरून त्या उभ्याच राहिल्या. वाटलं, गप माघारी जावं. पण निगडीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली आणि वारा लागला तसा जीव थाऱ्यावर आला. शेजारच्या बाईनं विचारलं, "मावशी, एकट्याच?"

"व्हय, एकटीच," भागूबाई म्हणाल्या, आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. लग्नाच्या वरातीतसुद्धा बाई एवढी ताठ बसली नसेल. निगडीहून रिक्षा केली आणि रावेतच्या उंच उंच इमारतींमध्ये विचारत विचारत दुकान गाठलं.

दुकान दिसायला साधंच, पण वास दारापर्यंत आलेला. काउंटरवर दिपाली नावाची चाळिशीची बाई होती, रहाटणीहून कामाला येणारी. तिनं भागूबाईंना कधी पाहिलं नव्हतं.

"मावशी, पार्सल का बसणार?"

"बसणार."

"किती जण?"

"एकटीच," भागूबाई पुन्हा म्हणाल्या. आता ते म्हणायची त्यांना गोडी लागली होती.

"मग बरोबर वेळेला आलात. दुपारची आमच्याकडं स्वीडनसारखी कॉफीची सुट्टी असते. तिकडं तिला फिका म्हणतात. कॉफी आणि एक बन घ्यायचा आणि निवांत बसायचं. कुणी उठा म्हणणार नाही."

गोडाधोडाच्या दुकानात नाव तरी जरा बरं शोधायचं, असं भागूबाईंच्या मनात आलं. पण गिऱ्हाइकानं असलं बोलू नये म्हणून त्या गप्प बसल्या. "तुमची मालकीण कुठंय?" एवढंच त्यांनी आडून विचारलं.

"ताई आत आहेत, भट्टीवर. बोलवू का?"

"नगं, नगं. करू दे तिला काम."

कोपऱ्यातल्या खुर्चीच्या अगदी काठावर त्या बसल्या. पिशवी मांडीवर, पदर घट्ट. आपल्याला सगळे बघतायत असं त्यांना वाटत होतं. हळूच मान वर केली तर एक पोरगा कानात बोंडं घालून लॅपटॉप बडवत होता, आणि दोन पोरी एकमेकींच्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. कुणाला पडली नव्हती. मग त्या थोड्या मागं सरकल्या. आणखी थोड्या सरकल्या. पाठ टेकली.

दिपालीनं मोठा मग आणून ठेवला. भागूबाईंनी बशी मागितली. दिपालीनं न हसता बशी दिली, हा तिचा चांगुलपणा. कॉफी कडू होती. दोनदा साखर मागून घेतली, तेव्हा कुठं घशाखाली उतरली. बन मात्र बघण्यासारखा होता, पोरीबाळी अंबाडा घालतात तसा पिळून पिळून वळलेला. त्यांनी एक तुकडा मोडला, बशीतल्या कॉफीत बुडवला आणि तोंडात टाकला.

आता हे कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल, पण बाईमाणूस असेल तिला पटेल. उभ्या जन्मात भागूबाईंनी गरम चहा असा बसून कधी प्यायला नव्हता. सगळ्यांचं झाल्यावर, ओट्याला टेकून, एक कान बाहेर ठेवून प्यायचा. कुणाला साखर कमी पडली, कोण दारात आलं, दूध उतू गेलं का. इथं त्यांना कुणी हाक मारणार नव्हतं. काही आणायचं नव्हतं, काही उचलायचं नव्हतं. कॉफी निवली तरी तिची तीच निवणार होती. त्या फुंकर मारून एकेक घोट घेत राहिल्या, खिडकीतून रस्ता बघत राहिल्या. हे सुख इतकी वर्षं कुठं दडून बसलं होतं, असं त्यांना वाटलं. मालक असते तर म्हणाले असते, भागे, तू तर साहेबीण झालीस.

दुसऱ्या घासाला त्या थबकल्या. दाताखाली बारीक साल आली होती. वेलदोडा सालासकट कुटलेला होता.

ही पोर आपल्यावर राग धरून असती, तर रोज उठून आपल्या सांगण्याप्रमाणं वेलदोडा कुटत बसली असती का? भागूबाईंनी हातातला तुकडा खाली ठेवला. आतली कडी कुणीतरी हलवायला लागलं होतं.

तेवढ्यात हर्षाली ताज्या बनचा ट्रे घेऊन बाहेर आली. कोपऱ्याकडं तिचं लक्ष गेलं आणि ती जागच्या जागी उभी राहिली. दिपालीनं ट्रे तिच्या हातातून काढून घेतला म्हणून बरं, नाहीतर सगळा जमिनीवर असता.

"आत्या? कुणाबरोबर आलात?"

"बसनं आले. एकटी."

"बसनं? मला फोन करायचात. मी आले असते न्यायला."

"गिऱ्हाइकाला न्यायला येतेस का तू?" भागूबाई म्हणाल्या. बोलायला नको होतं ते असं भसकन तोंडातून गेलं.

हर्षालीचा चेहरा पडला. पीठ लागलेले हात तिनं पुसले, पुढची खुर्ची ओढली आणि समोर बसली. मग तिनंच हळू आवाजात विचारलं, "आत्या, माझं दुकान तुम्हाला आवडलं नाही ना? खरं सांगा. मी त्या दिवशी फार वाट बघितली तुमची."

"दुकान न आवडायला काय झालं? मी बोलावण्याची वाट बघत होते गं. मोबाइलवर बोलवतात का कुणी सासूला? परक्या माणसासारखं? मालक गेलं म्हणून मला कोपऱ्यात टाकलीस, असं वाटलं मला. लई लागलं."

बोलून गेल्या आणि त्यांना हलकं वाटलं. पहिल्यांदाच त्यांचा रुसवा त्यांच्या स्वतःच्या तोंडून बाहेर पडला होता.

हर्षाली त्यांच्याकडं बघत राहिली. "मी आले होते आत्या," ती म्हणाली.

"कधी?"

"अक्षयतृतीयेच्या आधी. आधी देवळात जाऊन आले, मग तुमच्याकडंच निघाले होते. हातात ताट होतं, करंडा होता. शालनकाकू वाटेत भेटल्या. म्हणाल्या, अगं, कुणाकडं निघालीस हे घेऊन? लक्ष्मणभाऊजी गेले, आता तिच्यापुढं करंडा उघडणार आहेस का? त्या काही वाईटानं नाही बोलल्या. पण ते माझ्या डोक्यातून जाईना. तुमच्या फाटकापर्यंत आले, तर तुम्ही अंगणात पाठमोऱ्या बसून तांदूळ निवडत होता. मला वाटलं, मी करंडा उघडला आणि तुमच्या कपाळाला हात लावता आला नाही, तर तुम्हाला काय वाटेल? आणि करंड्यावाचून आले, तर रिवाज मोडला असं वाटेल. मला काही सुचेना. मी तशीच मागं फिरले. घरी येऊन रडले, आणि मग ते कार्ड पाठवलं."

दिपाली काउंटरमागं उगाचच पुसलेल्या काचा पुन्हा पुसत होती.

भागूबाईंनी कपाळाला हात लावला. दोन वर्षं मोकळं असलेलं कपाळ. त्यांना कुणी कोपऱ्यात टाकलं नव्हतं. एक पोर फाटकापाशी उभी राहून, सासूला दुखू नये म्हणून, रडकुंडीला येऊन माघारी गेली होती, आणि त्या पाठ करून तांदूळ निवडत बसल्या होत्या. एकदा मागं वळून बघितलं असतं तर. त्यांचे डोळे भरून आले, आणि या वेळी त्यांनी पदर लावला नाही.

"मला एक हाक मारायचीस गं," त्या म्हणाल्या.

"काय म्हणून मारू? तुम्हीच सांगा आत्या. गावातल्या सगळ्या बायकांना बोलवायची रीत मला आईनं शिकवली. नवरा नसलेल्या बाईला मानानं कसं बोलवायचं, हे कुणी शिकवलंच नाही."

भागूबाई विचारात पडल्या. त्यांनाही ते कुणी शिकवलं नव्हतं. वाडीत तशा बायका काय कमी होत्या? पण त्यांना बोलवायची रीतच कुणी केली नव्हती. त्यांनी बशी बाजूला सारली.

"कुंकू लावता येत न्हाई, तर हाताला धरायचं," त्या म्हणाल्या. "हाताला धरायचं आन् संगं न्यायचं. त्यात काय एवढं?"

हर्षाली उठली. टेबलाला वळसा घालून आली आणि सासूपुढं उभी राहिली. मग तिनं दोन्ही हातांनी भागूबाईंचा हात धरला.

"आत्या, चला," ती म्हणाली. "आज आपल्याला नव्यानं दुकान उघडायचंय."

"आले की गं," भागूबाई म्हणाल्या, आणि तिचा हात न सोडता खुर्चीवरून उठल्या.